गळ्यातला बोगदा

लोकरीच्या दुकानात बसलं की आधी पर्समधून काडेपेटी काढायची आणि मगच भाव विचारायचा, ही माझी रीत. लच्छीतला वीतभर धागा तोडायचा आणि पेटवायचा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरल्यावर राख झाली, तर लोकर. प्लॅस्टिकचा वास येऊन टोकाला कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकशी माझं वैर नव्हतं, निम्मा धंदा मी त्यावरच केला. वैर होतं ते लोकर म्हणून ॲक्रिलिक गळ्यात मारणाऱ्यांशी. धुळ्याचे एक ठोक व्यापारी मी पायरी चढताना दिसले की गल्ल्यावरची अगरबत्ती विझवायचे. म्हणायचे, "अक्का आल्या. आता दुकानात दुसरा वास नको."

त्यांचा तो टोमणा मला कौतुकासारखा वाटायचा. सोळा-सतरा वर्षं मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत विणकामाचं मशीन चालवलं आणि त्या सगळ्या काळात मला कुणी फसवू शकलं नाही, असं मी अभिमानाने सांगत असे. आता सांगताना आवाज जरा खाली येतो. संशय माझ्या धंद्यातून आला की स्वभावातून, हे मला ठरवता आलेलं नाही. आमचे हे म्हणत, की मशीन नंतर आलं.

मशीन आलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. लुधियानाहून, लाकडी खोक्यातून. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेली एक लांब पट्टी, तिच्यात ओळीने दोनशे सुया. त्या सुयांवरून हातरिक्षासारखी एक गाडी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे ओढायची. एका ओढीत एक ओळ विणून होते. गाडीवर एक चकती असते, तिच्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे. आकडा मोठा ठेवला की वीण सैल, लहान ठेवला की घट्ट. सगळं कसब एवढ्यात आहे: टाके किती घ्यायचे आणि चकती किती आकड्यावर ठेवायची. हे दोन आकडे ज्याच्याकडे गेले, त्याच्याकडे धंदा गेला. म्हणून माझी आकड्यांची वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवायची. घरातल्या घरात, होय.

कामं मुख्यतः शाळेच्या स्वेटरची. दिवाळी झाली की निळे, मरून आणि बाटलीहिरवे असे तीनच रंग डोळ्यांपुढे नाचायचे. बाहेरगावचे पाहुणे हसत. जळगावात स्वेटर कोण घालतं, इथे उन्हाळ्यात डांबर वितळतं. त्यांना मी म्हणायची, पौषात एकदा मुक्कामाला या आणि पहाटे पाचला सायकल घेऊन हायवेने नशिराबादपर्यंत जाऊन दाखवा. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, त्यांना रात्रभर पाणी भरलेलं. त्या ओलाव्यावरून येणारा वारा थेट शर्टाच्या कॉलरमधून आत शिरतो. चालणाऱ्याला तो कळत नाही. सायकलवाल्याला कळतो, कारण सायकलवाला स्वतःच त्याच्यात घुसत असतो.

हे मला शिकवलं विश्रामभाऊंनी. ते नशिराबादहून दोन कॅन सायकलला अडकवून आमच्या कॉलनीत दूध घालायचे. पन्नाशीला टेकलेले, सडपातळ, कपड्याला नीळ दिलेली. मूळचे पारोळ्याकडचे, म्हणून बोली अहिराणी. माझं माहेर धुळ्याचं. त्यांची बोली कानावर पडली की मला घरच्यासारखं वाटायचं, आणि घरच्यासारखं वाटलं की मी लगेच सावध व्हायची. त्यात त्यांचं हसणं. ते हसले की तोंडाचा उजवा कोपरा वर जायचा आणि डावा जागच्या जागी राहायचा. डावा डोळाही हसताना अर्धवट मिटल्यासारखा दिसायचा. मला वाटायचं, हा माणूस मनात काहीतरी ठेवून हसतो. दुधात पाणी आहे का, हे मी त्यांच्यासमोर नखावर थेंब घेऊन रोज पाहायची. कधी सापडलं नाही. त्यामुळे संशय आणखी वाढायचा.

एका हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी दूध ओतलं आणि ते निघेनात. म्हणाले, "अक्का, तुम्ही इनतस ना? मनासाठे एक काम करशात का?"

मी म्हटलं, "काय काम?"

"मना तोंडले वारं लागेल शे. दोन साल व्हयनात. डाक्टरनी सांगेल शे, आते परत लागनं ते तोंड सुधरावाव नही. मान आनि कान झाका, नहीतर सायकल सोडा. सायकल सोडी ते दूध कोन वाही?"

तेव्हा मला त्या हसण्याचा उलगडा झाला. थंडीत एका सकाळी सायकलवरून येता येता त्यांचा अर्धा चेहरा लुळा पडला होता. औषधाने बराच सुधारला, थोडा राहिला. म्हणजे वाकडं हसणं हा स्वभाव नव्हता, आजार होता. मला हे पटलं, पण पटलं ते डोक्याला. डोळ्यांना त्यांचं हसू तसंच दिसत राहिलं.

मी सुचवलं, मफलर घ्या. ते म्हणाले, मफलर आहे. पण दूध घालताना शंभरदा वाकावं लागतं, तो सुटतो. मग त्याचं टोक चेनमध्ये नाहीतर चाकात जातं. एकदा तर गळ्याला फास बसून कॅनसकट रस्त्यावर आले होते. माकडटोपी घातली तर मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही. टॉवेल गुंडाळला तर दवाने ओला होतो आणि जास्तच गार लागतो. बाजारात जे गरम आणि चांगलं होतं ते त्यांना परवडत नव्हतं. त्यांनी हाताने हवेत एक नळा काढून दाखवला. "असं कायतरी. डोकावरथून घालानं, मानवर बशी ऱ्हाई. शेपूट नको."

म्हणजे मूळ कल्पना त्यांची होती. हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे. त्या काळात कुणी विचारलं, तर मी म्हणायची, "मीच काढलं ते."

कल्पना सोपी आणि काम महा किचकट. नळा मानेला घट्ट बसेल इतका अरुंद केला, तर डोक्यातून जात नाही. डोक्यातून जाईल इतका रुंद केला, तर मानेभोवती लोंबतो आणि वारा वरून आत जातो. मी पाच नमुने उसवले. आमच्या ह्यांच्या डोक्यावर प्रयोग चालायचे. ते पेपर वाचत असताना मी मागून नळा चढवायची आणि ते ओळ न चुकवता वाचत राहायचे. शेवटी जमलं ते असं: खाली चकती आठवर ठेवून सैल वीण, वर जाताना एकदम पाचावर घट्ट, आणि वरचा दोन इंचाचा भाग आत दुमडून दुहेरी. सैल भाग कॉलरच्या आत पसरतो, घट्ट भाग हनुवटीखाली बसतो. ओढला तर कानावरही येतो. शिवण मानेच्या मागे, म्हणजे गळ्याला घासत नाही. आणि परवडणारा का, तर शाळेच्या स्वेटरांचे जे उरलेले धागे मी पोत्यात टाकायची, त्यातूनच तो व्हायचा. विश्रामभाऊंचा पहिला नळा वरून मरून आणि खालून बाटलीहिरवा होता. त्यांनी तो आमच्या दारातच चढवला, मान दोन्हीकडे फिरवली आणि अर्धं हसले.

आठ दिवसांत आणखी दूधवाले आले. मग पेपर टाकणारे आले, मग पहाटेच्या पाळीला सायकलने जाणारे कामगार. नावाचा मात्र घोळ झाला. मी त्याला गळपट्टा म्हणायची. एक जण विकत घेऊन दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. म्हणाला, लोक विचारतात पट्टा कुणी बांधला, बिल्ला कुठाय. त्या सुमारास गल्लीतली बेवारस कुत्री पकडण्याची मोहीम चालू होती आणि ज्याच्या गळ्यात पट्टा ते कुत्रं सोडून देत. आता असल्या नावाने कोण घेणार? ही अडचण भुसावळच्या एका फिटरने सोडवली. रेल्वे कॉलनीत राहणारा, बैलासारख्या मानेचा गृहस्थ, बहिणीकडे जळगावला आला होता. त्याने नळा डोक्यातून ओढला, डोकं वर काढलं आणि म्हणाला, "हा तर बोगदा आहे." झालं. त्या दिवसापासून दारात हाक यायची, अक्का, एक बोगदा द्या.

फिटरच्या मानेसाठी मला एकशे बत्तीस टाके घ्यावे लागले. बाकी सगळे एकशे बारा ते एकशे वीसमध्ये बसत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. एक गुरुजी बोगदा घेऊन आले, म्हणाले धुतल्यावर आटला, बदलून द्या. मी हातात घेतला आणि ओळखलं, हा यांचा नव्हेच. यांना मी निळा दिला होता, हा दुसऱ्याचा, जुना. पण पुरावा काय? गुरुजी शपथेवर आले. मी बदलून दिला आणि रात्रभर जळफळले. दुसऱ्या दिवशी बाजारातून पांढरी फीत आणली. तेव्हापासून प्रत्येक बोगद्याच्या आत, मागच्या शिवणीवर, बोटाच्या पेराएवढी फीत शिवायची आणि तिच्यावर लाल दोऱ्याने आकडे भरायचे. टाके किती, खालची चकती किती, वरची किती. ११६-८-५, असं. फिटरच्या मापाचा बोगदा तेव्हा मशीनवरच होता, त्यालाही फीत लागली. कुणीही दुरुस्तीला आणला तर मला कळावं की माल माझाच आहे आणि नेमका कुणाचा. आता मला कुणी फसवून दाखवावं, असं मी ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, "शाबास." त्यांची शाबास कधी कशासाठी असते ते मला पहिल्यापासून समजत नाही.

त्याच हिवाळ्यात विश्रामभाऊंचं वागणं मला खटकू लागलं.

एक बोगदा त्यांच्याकडे होता. त्यांनी दुसरा मागितला. कुणासाठी विचारलं तर "घरमा पाहिजे" म्हणाले आणि नजर खाली घातली. पंधरा दिवसांनी तिसरा मागितला. एका माणसाला किती माना असतात? मग एक दिवस दूध ओतता ओतता म्हणाले, "अक्का, हाई खालथून उसवू नही म्हनीसन काय करतस?" मी ताठ झाले. बोगदा घालणाऱ्याला तो कसा उसवतो याच्याशी काय देणंघेणं? मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. ते हसले, तसंच, अर्धं.

संक्रांतीच्या आधी मी ह्यांच्याबरोबर बाजारात गेले होते. हिवाळ्यात फुटपाथवर स्वेटरची दुकानं लागतात, तिथे दोरीवर ओळीने टांगलेले बोगदे पाहिले. माझे नव्हेत. पण वर घट्ट, खाली सैल, वरचा दोन इंच दुमडलेला. रंग नवे, झगझगीत, एका रंगाचे. भाव माझ्यापेक्षा कमी. मी जवळसुद्धा गेले नाही. डोक्यात एकच नाव आलं. हे म्हणाले, "घेऊन तर बघ एक." मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? मला माहीत आहे कुणी केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामभाऊ आले तेव्हा आमच्या ओट्यावर शेजारच्या तिघी पातेली घेऊन उभ्या होत्या. भाऊंच्या सायकलच्या हँडलला नेहमी एक खाकी कापडी पिशवी असायची. मी म्हटलं, "भाऊ, ती पिशवी जरा उघडा."

त्यांना कळलं नाही. म्हणाले, "काय अक्का?"

"पिशवी. उघडून दाखवा."

त्यांनी पिशवी काढली, तोंड पसरलं आणि माझ्यापुढे धरली. आत दुधाचं कार्ड होतं, फडक्यात बांधलेली भाकरी होती, आणि माझा एक बोगदा होता. उभा कापलेला. वरपासून खालपर्यंत कात्रीने फाडलेला, काठाचे टाके सुटून धागे लोंबत होते. मी तो सगळ्यांसमोर वर धरला. मला तेव्हा काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. आपला संशय खरा ठरल्याचा आनंद, त्याच्यासारखा दुसरा नाही.

मी म्हटलं, "उलगडून पाहिलंत ना कसं विणलंय ते? कुणाला नेऊन दिलंत? भुसावळला की इथेच?" आणखीही बोलले. माहेरची बोली बोलून विश्वास मिळवता, असंही बोलले. ते आठवलं की आजही मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

माझं संपल्यावर विश्रामभाऊंनी विचारलं, "दूध मोजू ना अक्का?"

माझं, शेजारणींचं, सगळ्यांचं दूध त्यांनी रोजच्यासारखं मोजलं. वरून थोडं जास्त घालायची त्यांची पद्धत होती, तेही घातलं. मग आपल्या गळ्यातला मरून-हिरवा बोगदा डोक्यातून काढला, घडी करून आमच्या ओट्याच्या कठड्यावर ठेवला आणि उघड्या मानेने निघून गेले.

त्यानंतरही ते रोज येत होते. गळ्याला टॉवेल असायचा, दवाने भिजलेला. माझ्याशी बोलणं बंद. मी दारातून पातेलं पुढे करायची आणि त्यांचा डावा गाल पाहायची. वाकडा झाला का? अजून नाही. थंडी त्या वर्षी लांबली होती. त्यांना एक बोगदा परत द्यावा असं मनात यायचं आणि मग वाटायचं, चोराला आपणच कशाला द्यायचा?

दहा-बारा दिवसांनी आमचे हे कचेरीतून येताना बाजारातून एक बोगदा घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दुकानदार मोठा बोलका आहे. म्हणतो, साहेब, नंबरी माल आहे. नकली घेऊ नका, आतला नंबर बघून घ्या."

मी म्हटलं, "कसला नंबर?"

त्यांनी बोगदा उलटा केला. मागच्या शिवणीवर पांढरी फीत होती, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावर शिलाईमशीनवर भरलेले लाल आकडे. १३२-८-५.

मी फीत नखाने उचकटून पाहिली. ज्याने कुणी नक्कल केली होती त्याच्याकडे मशीन होतं, आणि मशीन चालवणाऱ्याला हे तीन आकडे वाचायला शिकवावं लागत नाही. काही उसवायची, कापायची गरजच नव्हती. टाके किती, खाली किती, वर किती, सगळं मीच लाल दोऱ्याने भरून प्रत्येकाच्या मानेवर लिहून पाठवलं होतं. वही मात्र पिठाच्या डब्यामागे सुरक्षित होती. त्या शहाण्याला तो मार्का वाटला असावा, म्हणून त्याने फीतही उतरवली. आणि एकशे बत्तीस टाक्यांचा बोगदा मी जन्मात एकच विणला होता, भुसावळच्या फिटरचा. विश्रामभाऊंची मान एकशे बाराची.

फिटरने कुणाला दिला, की त्याच्या शेजारी कुणाकडे मशीन होतं, की धुण्यातून गेला, याचा शोध मी घेतला नाही. आणखी एका माणसावर संशय घ्यायला माझ्याकडे तोंड राहिलं नव्हतं.

पण मग तो कापलेला बोगदा काय होता? हे कोडं उरलंच. दुसऱ्या दिवशी विश्रामभाऊ आले नाहीत. दूध त्यांचा भाचा घेऊन आला. म्हणाला, मामांना बरं नाही. मी काय झालं विचारलं, तर त्याने नुसता गालावर हात फिरवून दाखवला.

दुपारच्या बसने मी नशिराबादला गेले. कठड्यावरचा तो मरून-हिरवा बोगदा बरोबर होता. घर विचारत गेले. अंगणात उन्हाला खाटेवर एक फार म्हातारे गृहस्थ बसले होते, विश्रामभाऊंचे वडील. नाना म्हणायचे त्यांना. अंगात बंडी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि गळ्यात माझा बोगदा. समोरून उभा कापलेला, दोन्ही कडांना लुगड्याच्या काठाची पट्टी शिवलेली आणि तीन टिचबटणं.

विश्रामभाऊंच्या मंडळींनी, यमुनाबाईंनी, मला पाणी दिलं. मी बटणांकडे पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "नाना टोपी काढतस नही, अक्का. डोकामाथून घालानं म्हंजे टोपी काढनी पडी."

नाना ऐकत होते. ते म्हणाले, "मी मरसू तवय लोके काढतीन टोपी. जित्ता शे तवलोंग नही."

आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. चारचौघांत बोडक्या डोक्याने बसणं म्हणजे घरात काही वाईट घडल्याची खूण. धुळ्याला माझे आजोबा टोपी घालून झोपायचे. हे सगळं माहीत असून मला डोक्यातून घालायची वस्तू विणताना एकदाही सुचलं नाही. नाना थंडीत खोकून बेजार व्हायचे, म्हणून विश्रामभाऊंनी त्यांच्यासाठी बोगदा घेतला आणि टोपीपायी तो समोरून कापला. विणलेलं कापड कापलं की टाके सुटत जातात, तो उसवला. दुसरा घेतला, तोही उसवत गेला. म्हणून मला विचारत होते, उसवू नये म्हणून काय करता. पिशवीत होता तो पहिला. काठ शिवून मिळतो का, हे शिंप्याकडे विचारायला निघाले होते.

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाही?"

यमुनाबाई म्हणाल्या, "तुमना कामले कातर लाई, म्हनीसन लाजेत ते तुमले सांगाले. सांगेत, अक्काले वाईट वाटी."

आत विश्रामभाऊ भिंतीला टेकून बसले होते. तोंड डावीकडे ओघळलेलं, डावा डोळा उघडा आणि त्यातून पाणी येत होतं. रडत नव्हते, डोळा मिटत नव्हता म्हणून. मी मरून-हिरवा बोगदा त्यांच्यासमोर ठेवला. माझं चुकलं, असं म्हटलं. फीत, आकडे, सगळं सांगितलं. त्यांना बोलणं जड जात होतं. ओठ नीट मिटत नव्हते. ते म्हणाले, "बठ्ठं वारानं शे अक्का. तुमनं नही." सगळा दोष वाऱ्याचा. मला त्यांनी माफ केलं नाही, दोषच दिला नाही. मी माफी मागायला गेले होते आणि ती हातात तशीच राहिली.

होळीपर्यंत डोळा मिटू लागला. तोंड मात्र डॉक्टर म्हणाले होते तसंच राहिलं, पुन्हा सुधारलं नाही. पूर्वी अर्धं हसायचे, आता तेही गेलं. उन्हं तापल्यावर त्यांनी सायकल पुन्हा काढली. पुढच्या हिवाळ्याच्या आधी मी समोरून उघडणारा बोगदा तयार केला. कडा दुहेरी, लोकरीचीच पट्टी, चार टिचबटणं, टोपीला हात लावायला नको. तो सगळ्यात जास्त खपला. फीत शिवणं मी बंद केलं.

सायकल पुन्हा काढली त्या पहिल्या दिवसापासूनच विश्रामभाऊंनी आमच्या दारात एक गोष्ट सुरू केली होती. सायकल लावायची, हँडलची पिशवी काढायची, तोंड पसरून माझ्यापुढे क्षणभर धरायची आणि मग कॅनचं झाकण उघडायचं. रागाने नाही, टोमणा म्हणून नाही. माप धुवून घ्यावं तसं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "भाऊ, नका असं करू." ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी हात जोडले, रडले एकदा. ते म्हणाले, "सवय पडी गयी अक्का." प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधलं दूध येईपर्यंत, सात-आठ वर्षं, रोज सकाळी.

पुढे त्यांनी दूध बंद केलं, मीही डोळ्यांमुळे मशीन विकलं. गेल्या माघात दुपारी ते अचानक आले. नातीचं लग्न होतं. आता काठी हातात, डोक्यावर नानांसारखीच पांढरी टोपी, गळ्यात समोरून उघडणारा बोगदा, जुना, निळा. मी दार उघडलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खांद्यावरची पिशवी काढली आणि पत्रिका देण्याआधी दोन्ही हातांनी तिचं तोंड पसरून माझ्यापुढे धरली.

मी म्हणणार होते, भाऊ, आता तरी पुरे. पण त्याआधी माझी नजर पिशवीत गेली होती. आत काय काय आहे, ते मी पाहून घेतलं होतं.